पाउल रेनर आणि ‘आपल्या काळाचे अक्षर’

साहित्यकृतीच्या रूपातून तिची विचारप्रणाली थेट वाचता येते, हा विश्वास विसाव्या शतकातील समीक्षेत इतका खोलवर रुजला आहे की त्याची स्वतंत्रपणे तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. खंडित रचना बंडखोर, सममित रचना सनातनी, अलंकरणाचा त्याग पुरोगामी, जुन्या घाटांकडे वळणे प्रतिगामी, अशी समीकरणे आपण नित्य वापरतो. समाजशास्त्रीय समीक्षक ती उघडपणे मांडतो. रूपवादी समीक्षक ती खोडून काढण्याऐवजी त्यांच्याकडे पाठ फिरवतो. या विश्वासाची कसोटी कवितेवर किंवा कादंबरीवर घेणे अवघड आहे, कारण तेथे रूप आणि आशय एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. मुद्राक्षराचे तसे नाही. एकच मजकूर दोन निराळ्या वळणांच्या टाइपांत जुळवता येतो आणि शब्द तेच राहतात. रूप जवळजवळ निखळ अवस्थेत हाती लागते असे हे क्षेत्र आहे. आणि जर्मनीत या क्षेत्रातील रूपांच्या राजकीय अर्थावरून माणसांना पदे गमवावी लागली, तुरुंगाची वाट चालावी लागली. ‘फुटुरा’ या टाइपचा कर्ता पाउल रेनर (१८७८–१९५६) याच्या कार्याकडे येथे या दृष्टीने पाहावयाचे आहे.

रेनरचा प्रश्न समजण्यासाठी जर्मन मुद्रणातील द्वैत आधी लक्षात घ्यावे लागते. मुद्रणाच्या आरंभापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जर्मन भाषा दोन प्रकारच्या रोमन अक्षरांत छापली जात होती. एक प्रकार तुटक, कोनाकोनांच्या गॉथिक वळणाचा. त्याच्या अनेक उपप्रकारांपैकी सर्वाधिक रूढ झालेला तो फ्राक्टुर. दुसरा प्रकार आन्टिक्वा, म्हणजे इंग्रजी-फ्रेंच पुस्तकांत आपण पाहतो ती गोलाईची अक्षरे. मराठी वाचकाला येथे मोडी आणि बाळबोध यांची आठवण होईल, आणि दोन वळणांना दोन निरनिराळ्या प्रतिष्ठा चिकटतात एवढ्यापुरती ती आठवण उपयोगी आहे. पण त्यापुढे साम्य ताणता येत नाही. मराठी छापखान्याने मुख्यतः बाळबोध स्वीकारली आणि मोडी हाताच्या लिखाणातच राहिली. जर्मनीत मात्र दोन्ही वळणे छापखान्यातच शेजारी शेजारी नांदत होती. लॅटिन मजकूर, शास्त्रीय ग्रंथ, परकी शब्द आन्टिक्वात. बायबल, कथाकादंबऱ्या, वर्तमानपत्रे, पाठ्यपुस्तके फ्राक्टुरमध्ये. एकाच वाक्यात जर्मन शब्द फ्राक्टुरमध्ये आणि मधला फ्रेंच शब्द आन्टिक्वात असेही दृश्य सर्वसामान्य होते.

या व्यवस्थेला राष्ट्रीय अर्थ चिकटला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि नेपोलियनशी झालेल्या युद्धांच्या काळात. तत्पूर्वी ती केवळ सवय होती. गॉथिक वळणाचा उगम उत्तर फ्रान्समधल्या बाराव्या शतकातील हस्तलिखितांत आहे, ‘श्वाबाखर’ हा उपप्रकार पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, तर फ्राक्टुर सोळाव्या शतकाच्या आरंभी सम्राट माक्सिमिलियनच्या आश्रयाखाली घडले. १८०० च्या सुमारास मात्र ‘जर्मन लिपी’ हा शब्दप्रयोग एका निष्ठेचे नाव बनला. गोएटेच्या आईने १७९४ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात त्याची पुस्तके लॅटिन अक्षरांत न छापल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते, ही गोष्ट फ्राक्टुरचे पुरस्कर्ते पुढे शतकभर सांगत राहिले. बिस्मार्क लॅटिन अक्षरांतली जर्मन पुस्तके वाचत नसे अशी त्याची ख्याती होती. परंतु याच शतकात जर्मन राष्ट्रीय भाषाभिमानाचा मूळपुरुष म्हणावा असा याकोब ग्रिम नेमक्या उलट बाजूला उभा होता. १८५२ मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेला ग्रिमबंधूंचा जर्मन शब्दकोश आन्टिक्वात छापला गेला; नामांची आद्याक्षरे मोठी करण्याची रूढीही त्याने सोडून दिली. ग्रिमच्या मते फ्राक्टुर हे जर्मन आत्म्याचे रूप नव्हते, ते बिघडलेले लॅटिन अक्षर होते. एकाच राष्ट्रवादातून दोन परस्परविरोधी लिपिनिष्ठा निघू शकतात, याची ही पहिली खूण. १९११ मध्ये आन्टिक्वाला अधिकृत स्थान देण्याचा प्रश्न राइशटागपुढे आला, त्यावर चर्चा झाली आणि तो बारगळला.

रेनरचा जन्म ९ ऑगस्ट १८७८ रोजी हार्त्स पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या वेर्निगेरोडे गावी प्रॉटेस्टंट धर्मशास्त्राच्या वातावरणातील घरात झाला. बर्लिन, म्यूनिक व कार्ल्सरुहे येथे त्याने चित्रकलेचे शिक्षण घेतले. चित्रकार म्हणून चरितार्थ चालेना तेव्हा १९०७ मध्ये म्यूनिकच्या गेओर्ग म्यूलर या प्रकाशनसंस्थेत पुस्तकांच्या मांडणीचे काम त्याने पत्करले. वेष्टन, शीर्षकपृष्ठ, समास, टाइपची निवड ही कामे तो वर्षानुवर्षे करीत राहिला. १९१० पासून तो ‘डॉइचर वेर्कबुंड’ या कारागिरी व उद्योग यांचा मेळ घालू पाहणाऱ्या संघटनेचा सभासद होता. १९११ मध्ये एमिल प्रेटोरिउस याच्याबरोबर त्याने ग्रंथकलेची एक शाळा काढली. १९२२ मध्ये ‘टिपोग्राफी आल्स कुन्स्ट’ हे त्याचे पुस्तक निघाले. हा तपशील एवढ्यासाठीच महत्त्वाचा की पुढे ज्याला क्रांतिकारक आधुनिक म्हणून ओळखले गेले त्या माणसाची पहिली सतरा वर्षे अभिजात पुस्तकाच्या परंपरेत, आन्टिक्वा आणि फ्राक्टुर दोन्ही हाताळण्यात गेली. बाउहाउसशी रेनरचा संस्थात्मक संबंध कधीच आला नाही. ‘फुटुरा हा बाउहाउसचा टाइप’ हे विधान आजही पाठ्यपुस्तकांत सापडते; त्याला आधार केवळ दोहोंच्या दिसण्यातील साम्याचा आहे.

१९२४ मध्ये हेलराउचा प्रकाशक याकोब हेग्नर रेनरला भेटावयास आला आणि आपल्या काळाला शोभेल असे अक्षर हवे आहे, अशी अपेक्षा त्याने व्यक्त केली. ‘आपल्या काळाचे अक्षर’ या अर्थाचे जर्मन शब्द पुढे बाउअर फाउंड्रीने जाहिरातीसाठी वापरले. हेग्नर स्वतः कॅथलिक आणि अभिजात वाङ्मयाचा प्रकाशक होता. आधुनिक अक्षराची मागणी कोणत्याही चळवळीतून आली नाही, एका पुस्तकवाल्याच्या असमाधानातून आली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. रेनरने काढलेली पहिली चित्रे फ्रँकफुर्टच्या बाउअर फाउंड्रीकडे गेली आणि १९२५ पासून खिळ्यांचे प्रायोगिक नमुने कापले जाऊ लागले. त्या वर्षी फ्रिट्स विखर्ट याच्या निमंत्रणावरून रेनर फ्रँकफुर्टच्या कलाशाळेत शिकवावयास गेला. एर्न्स्ट माय याच्या देखरेखीखाली नव्या वसाहती उभारल्या जात होत्या ते हेच फ्रँकफुर्ट. १९२६ मध्ये तो म्यूनिकला मुद्रणशाळेचा प्रमुख म्हणून परतला; १९२७ मध्ये तेथेच जर्मन मुद्रकांसाठी ‘मायस्टरशूले’ सुरू झाली. यान चिखोल्ड आणि पुढे गेओर्ग ट्रुम्प यांना अध्यापक म्हणून त्यानेच बोलावले. फुटुरा १९२७ मध्ये बाजारात आला तेव्हा रेनर ४९ वर्षांचा होता.

फुटुराच्या घडणीची हकीकत ही रूपाच्या सिद्धान्तापेक्षा रूपाच्या व्यवहाराविषयी अधिक सांगते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. रेनरची मूळ समस्या ऐतिहासिक होती. युरोपीय छपाईत मोठी आणि लहान अशी जी दोन प्रकारची अक्षरे एकत्र नांदतात त्यांचे कूळ एक नाही. मोठी अक्षरे रोमन शिलालेखांतून आली. वर्तुळ, चौरस, त्रिकोण हे त्यांचे मूलाकार, आणि ती जागच्या जागी स्थिर उभी असतात. लहान अक्षरे शार्लमेनच्या काळातील लेखणीच्या वळणातून आली. लिहिणाऱ्या हाताची डावीकडून उजवीकडे जाणारी गती त्यांच्यात गोठून राहिली आहे. यंत्राने ओतलेल्या अक्षरात हाताची गती कशासाठी, असा रेनरचा प्रश्न होता. म्हणून त्याने लहान अक्षरांतूनही लेखणीची आठवण पुसून ती मोठ्या अक्षरांप्रमाणे भूमितीवर उभी करण्याचा प्रयत्न केला. पहिल्या चित्रांत हा आग्रह टोकाला गेलेला दिसतो: लहान ‘आर’ म्हणजे एक उभी रेघ आणि तिच्या शेजारी सुटा ठिपका, ‘एम’ आणि ‘एन’ काटकोनी, ‘ए’ आणि ‘जी’ यांचे आकार वाचकाला थबकवणारे.

यांपैकी बहुतेक आकार मूळ संचातून गळाले. काही, पर्यायी अक्षरे म्हणून, आरंभीच्या नमुनापत्रकांत तेवढे राहिले. कोणता बदल रेनरचा आणि कोणता फाउंड्रीचा कलादिग्दर्शक हाइन्रिख योस्ट याचा, यावर अभ्यासकांत चर्चा झाली आहे. श्रेयाच्या वाटणीपेक्षा बदलांची दिशा अर्थपूर्ण आहे. बाजारात आलेला फुटुरा भौमितिक दिसतो, पण भौमितिक नाही. त्यातला ‘ओ’ कंपासाने काढलेले वर्तुळ नाही. रेघेची जाडी सगळीकडे सारखी भासावी म्हणून ती ठिकठिकाणी कमीअधिक केलेली आहे. जेथे वर्तुळ उभ्या रेघेला मिळते तेथे काळा ठिपका साचू नये यासाठी रेघ हळूहळू बारीक होत जाते. डोळ्याला समान वाटावे म्हणून मोजपट्टीवर असमान करणे हा खिळे कापणाऱ्या कारागिराचा जुना नियम. यंत्रयुगाचे म्हणून गाजलेले हे अक्षर त्या हस्तकौशल्यावाचून उभे राहिले नसते.

याहून महत्त्वाची, आणि माझ्या मते पुरेशी लक्षात न घेतलेली, गोष्ट उंचीची आहे. फुटुरात मोठी अक्षरे ‘बी’, ‘डी’, ‘एल’ यांसारख्या लहान अक्षरांच्या वर गेलेल्या दांड्यांपेक्षा बरीच बुटकी आहेत. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचे आद्याक्षर मोठे असते. आन्टिक्वात छापलेल्या जर्मन पानावर त्यामुळे जागोजागी उंचवटे येतात आणि पान अस्वस्थ दिसते. मोठी अक्षरे खाली आणल्यामुळे ते शांत होते. आंतरराष्ट्रीय, देशकालनिरपेक्ष म्हणून जगभर गेलेल्या या अक्षराच्या प्रमाणातच एका भाषेचे शुद्धलेखन असे दडलेले आहे. इंग्रजी किंवा फ्रेंच पानावर फुटुराच्या उंच दांड्या ज्या ललित भासतात, त्यांचे एक कारण जर्मन नामांत आहे.

फुटुरा आला त्याच सुमारास तशाच सेरिफविरहित, म्हणजे रेघांच्या टोकांना आडव्या पट्ट्या नसलेल्या, अक्षरांची एक लाटच आली. रूप आणि विचारप्रणाली यांच्या समीकरणाला पहिला तडा येथेच जातो. याकोब एर्बार याचा टाइप फ्रँकफुर्टच्याच दुसऱ्या फाउंड्रीने काढला होता. ऑफेनबाखच्या क्लिंगश्पोर फाउंड्रीतून १९२७ मध्येच ‘काबेल’ आला. त्याचा कर्ता रुडॉल्फ कोख (१८७६–१९३४) हा श्रद्धाळू ल्यूथरपंथी, मध्ययुगीन लेखनिकांच्या कार्यशाळेचा आदर्श जपणारा आणि गॉथिक वळणांचा आयुष्यभराचा उपासक. १९२८ च्या ‘गिल सॅन्स’चा कर्ता एरिक गिल कॅथलिक आणि यंत्रसंस्कृतीचा कडवा विरोधक. पंचवीसेक वर्षे मागे गेलो तर श्टेफान गेओर्ग या कवीचे उदाहरण भेटते: त्याच्या हस्ताक्षराचा धागा धरून मेल्खिओर लेख्टर याने सिद्ध केलेला टाइप सेरिफविरहित होता, आणि गेओर्गच्या कवितेत नामांची आद्याक्षरे लहानच असत. लोकशाहीला तुच्छ लेखणारा, निवडक शिष्यांच्या वर्तुळात वावरणारा हा कवी आणि १९२५ मध्ये सगळी मोठी अक्षरे रद्द करणारे बाउहाउस यांचे पान काही अंतरावरून सारखेच दिसते. डाव्या विचारांचा चिखोल्ड १९२८ च्या ‘डी नॉये टिपोग्राफी’ या पुस्तकात सेरिफविरहित अक्षर हेच नव्या काळाचे एकमेव अक्षर ठरवत होता; हानोफरच्या नगरपालिकेच्या छपाईकामासाठी कवी-चित्रकार कुर्ट श्विटर्सने फुटुरा निवडला. पण त्याच वळणाची अक्षरे प्रार्थनेच्या भावनेने रेखाटणारा कोखही होता. रूप एक, हेतू चार.

रेनर या गर्दीत मध्यममार्गी होता, आणि मध्यममार्गी माणसाची उपेक्षा होते तशी त्याची झाली. चिखोल्डचे जाहीरनामे वाचले जातात, रेनरचे लेख क्वचित. त्याचा पिंड सिद्धान्ताचा कमी आणि विवेकाचा अधिक. १९३१ च्या ‘मेखानिसीर्टे ग्राफिक’ या पुस्तकात तो यंत्राचे स्वागत करतो, पण यंत्राच्या स्तोत्रात सूर मिसळत नाही.

तथापि जाहीरनामेवाल्यांपैकी कितीजणांनी केले नसेल ते या मध्यममार्गी माणसाने १९३२ मध्ये केले. आल्फ्रेड रोझेनबेर्गची ‘काम्फबुंड’ ही संघटना आणि वास्तुविशारद पाउल शुल्त्से-नाउम्बुर्ग यांनी आधुनिक कलेविरुद्ध मोहीम उघडली होती. सपाट छप्पर पौर्वात्य म्हणून परके, उतरते छप्पर जर्मन. आधुनिक चित्रातील चेहरे वंशाच्या अधःपाताचा पुरावा. आणि या सगळ्याला एक शब्द: सांस्कृतिक बोल्शेव्हिझम. रेनरने त्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह टाकून तेच आपल्या पुस्तिकेचे शीर्षक केले. ‘कुल्टुरबोल्शेविस्मुस?’ स्वित्झर्लंडमध्ये ऑइगेन रेंच याने प्रसिद्ध केली. नात्सींचे कलाविषयक धोरण आणि ज्यूद्वेष या दोहोंवर तीत उघड टीका होती. सत्तांतराला काही महिनेच उरले असताना, सरकारी शाळेच्या प्रमुखपदावर असलेल्या माणसाने ती लिहावी याला धैर्य म्हणतात. त्यासाठी वेगळा शब्द शोधण्याची गरज नाही.

आधुनिक रूपे क्रांतिकारक नाहीत, असा पळवाटेचा बचाव रेनरला सहज करता आला असता. किंवा होय, आम्ही क्रांतिकारक आहोत, असे आव्हानही देता आले असते. त्याने या दोन्ही वाटा टाळून आरोपाच्या व्याकरणालाच हरकत घेतली. छपराच्या उतारावरून वंश आणि अक्षराच्या कोनावरून निष्ठा ठरवणारी वाचनपद्धतीच त्याला अमान्य होती. प्रतिपक्षाची वाचनपद्धती तशीच ठेवून तिची मूल्ये फक्त उलटी करणे हा मोह त्या काळच्या बहुतेक आधुनिकांना आवरला नाही. फ्राक्टुर म्हणजे प्रतिगामी आणि सेरिफविरहित म्हणजे पुरोगामी असे म्हणणारा लेखक शुल्त्से-नाउम्बुर्गच्याच तर्कशास्त्राने बोलत असतो.

मार्च १९३३ मध्ये चिखोल्डला अटक झाली. ४ एप्रिल १९३३ रोजी रेनरलाही अटक झाली. त्याची लवकर सुटका झाली, पण शाळेचे प्रमुखपद गेले. १९३४ पासून त्या जागेवर गेओर्ग ट्रुम्प आला. चिखोल्डने त्याच उन्हाळ्यात बाझेलची वाट धरली. रेनर जर्मनीतच राहिला, आणि पुढे बोडेन सरोवराकाठी ह्योडिंगेन येथे त्याने आपले उर्वरित आयुष्य घालवले. विसंगती अशी की मिलानच्या १९३३ च्या त्रिएनाले प्रदर्शनातील जर्मन विभागाची मांडणी आधीच त्याच्याकडे सोपवलेली होती आणि ती त्यानेच पार पाडली: घरी अविश्वासार्ह ठरलेला माणूस परदेशात त्याच राष्ट्राच्या मुद्रणकलेचा प्रतिनिधी होता.

पुढील आठ वर्षांचा इतिहास रूपाच्या राजकारणाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने तपशिलात वाचावा असा आहे. १९३३ नंतर गॉथिक वळणांना बहर आला. परंतु फाउंड्र्यांनी बाजारात आणलेले ‘टानेनबेर्ग’, ‘एलेमेंट’, ‘नात्सिओनाल’ यांसारखे टाइप म्हणजे जुने फ्राक्टुर नव्हते. त्यांतील लेखणीची लय, केसासारख्या बारीक रेघा, शेपट्या छाटून टाकलेल्या. उभ्या रेघा सारख्या जाडीच्या, ताठ, पलटणीसारख्या रांगेत. अलंकरणाचा हा त्याग सरळसरळ फुटुराच्या पिढीकडून घेतलेला होता. या वळणांना पुढे ‘बूटवाले ग्रोटेस्क’ अशा अर्थाचे टोपणनाव पडले ते यथार्थ आहे. म्हणजे आधुनिकतेविरुद्ध घोषणा आधुनिकतेच्याच अक्षरतंत्रात छापल्या जात होत्या. दुसरीकडे फुटुरावर बंदी आली नाही. उद्योग आणि जाहिरात यांच्या छपाईत तो चालू राहिला. हिटलरने तर १९३४ च्या न्यूर्नबेर्ग अधिवेशनातील भाषणात टंकलेखन यंत्रांवर आणि रस्त्यांच्या पाट्यांवर गॉथिक अक्षरे आणू पाहणाऱ्या भूतकाळभक्तांची टवाळी केली होती.

१९३७ मध्ये प्रचारमंत्रालयाने ज्यू प्रकाशकांना फ्राक्टुर वापरण्यास मनाई केली. जर्मन आत्म्याचे ते अक्षर त्यांच्या हाताने विटाळू नये, हा त्यामागचा भाव. साडेतीन वर्षांनी, ३ जानेवारी १९४१ रोजी, मार्टिन बोरमानच्या सहीने एक परिपत्रक निघाले. गॉथिक वळणाला जर्मन समजणे चूक आहे, ती वस्तुतः श्वाबाखरमधून आलेली ज्यू अक्षरे आहेत, आणि यापुढे आन्टिक्वा हेच प्रमाण अक्षर राहील, असा त्याचा आशय. या कुळकथेला कोणताही आधार नाही. श्वाबाखर घडले त्या काळी ज्यूंना त्या व्यवसायात शिरकावच नव्हता. व्यापलेल्या युरोपात फर्माने वाचली जावीत यासाठी सर्वांना वाचता येणारे अक्षर हवे, हे खरे कारण उघड होते. १९४० मध्ये सुरू झालेले ‘डास राइख’ हे साप्ताहिक आधीच आन्टिक्वात निघत होते. परिपत्रकाच्या कागदावरील छापील मथळा मात्र फ्राक्टुरमध्येच होता, कारण जुने कागद संपावयाचे होते.

ज्या अक्षराचा ज्यूंना स्पर्श नको म्हणून १९३७ मध्ये मनाई झाली, तेच अक्षर १९४१ मध्ये ज्यूंचे ठरले. दरम्यान त्याच्या एकाही कोनात बदल झाला नव्हता. रूपात अर्थ अंगभूत असतो असे मानणाऱ्या कोणत्याही सिद्धान्ताने या दोन तारखांचा हिशेब दिला पाहिजे. माझ्या मते तो देता येत नाही. याचा अर्थ रूप निरर्थक किंवा तटस्थ असते असा मात्र नव्हे; परिपत्रकानंतर फ्राक्टुर वाचण्याची सवय एका पिढीत मोडली आणि आजोबांची पुस्तके नातवंडांना परकी झाली, हा अर्थाचाच परिणाम आहे. पण तो अर्थ शाळा, मंत्रालये, फाउंड्र्यांचे हिशेब आणि वाचनाची सवय यांनी घडवलेला असतो, आणि तेथेच तो शोधावा लागतो. कोन आणि वर्तुळ यांच्याकडे टक लावून तो सापडत नाही.

या संदर्भात रेनरच्या कारकिर्दीतील सर्वांत अडचणीचे प्रकरण टाळता येणार नाही. १९३७–३८ मध्ये बर्टोल्ड फाउंड्रीकडून त्याचा ‘बालाडे’ हा टाइप निघाला. तो गॉथिक वळणाचा आहे. आधुनिकतेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याचा उल्लेख सहसा घाईने उरकला आहे. कोणी त्यात शरणागती पाहील, कोणी पोटापाण्याची निकड. बालाडेचे नमुने पाहिले तर बूटवाल्या ग्रोटेस्कांशी त्याचे नाते नाही हे चटकन दिसते. त्याचे वळण रुंद आणि मोकळे आहे, गोलाई त्याने सोडलेली नाही, लेखणीची आठवण त्यात मुद्दाम राखली आहे. याच लेखणीची आठवण फुटुरातून पुसण्यासाठी रेनरने तीन वर्षे खर्ची घातली होती. तेव्हा ही शरणागती असेल तर ती फॅशनला न जुमानणारी शरणागती म्हणावी लागेल. तरुणपणी दोन्ही वळणांत पुस्तके मांडणारा, १९३२ मध्ये अक्षरावरून निष्ठा ठरवू नका असे सांगणारा माणूस गॉथिक टाइप करतो, यात त्याच्या भूमिकेशी विसंगत काही नाही, असे म्हणता येते. पण १९३८ च्या जर्मनीत ते अक्षर कोण कशासाठी वापरणार, हा प्रश्न त्या युक्तिवादाने मिटत नाही. रेनरच्याच कसोटीने पाहिले तर बालाडेचा अर्थही त्याच्या वळणात नाही, त्याच्या वापरात आहे. आणि तो वापर रेनरच्या हातात नव्हता. १९३९ मध्ये श्टेम्पेल फाउंड्रीने काढलेला ‘रेनर आन्टिक्वा’ हा संथ, सेरिफयुक्त टाइप त्यानंतरचा. त्याच वर्षी ‘डी कुन्स्ट डेर टिपोग्राफी’ हे पुस्तकही आले.

फुटुराचे पुढचे आयुष्य कर्त्यापासून तुटून चालू राहिले. फ्रान्समध्ये तो ‘युरोप’ या नावाने विकला गेला. अमेरिकेत त्याच्या नकला निघाल्या, आणि युद्धाच्या सावटात जर्मन टाइपवर नात्सी टाइप म्हणून बहिष्कार टाकण्याचे आवाहन झाले, तेव्हा त्या बहिष्काराच्या कक्षेत नात्सींनी पदच्युत केलेल्या माणसाचे अक्षरही आले. १९५९ पासून फोक्सवागेनच्या अमेरिकन जाहिरातींनी तो घरोघरी नेला. १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेल्या अपोलो-११ च्या फलकावर त्याचीच मोठी अक्षरे आहेत. १९८० च्या दशकात बार्बरा क्रूगर हिने जाहिरातसंस्कृतीवर हल्ला चढवणारी आपली भित्तिचित्रे फुटुराच्याच ठळक, तिरप्या वळणात केली.

स्वतः रेनरला अक्षरावरून निष्ठा ठरवणारा हा वाद युद्धानंतर आणखी एकदा भेटला, आणि तो मित्रांच्या गोटातून. १९४६ मध्ये झ्यूरिखचा माक्स बिल याने, असममित मांडणी सोडून मध्यरेषेवर बेतलेल्या पारंपरिक पानाकडे वळल्याबद्दल चिखोल्डवर जाहीर टीका केली. त्याच्या मते हे पलायन होते. चिखोल्डचे उत्तर अधिक कडवे होते: नव्या टिपोग्राफीतील असहिष्णुता, निरपवाद सुव्यवस्थेची ओढ यांचे नाते नात्सी मनोवृत्तीशीच आहे, असे त्याने लिहिले. एकाला मध्यरेषेत प्रतिक्रांती दिसली, दुसऱ्याला असममितीत हुकूमशाही. आणि हे दोघेही खरोखरच फॅसिझमचे विरोधक. ६९ वर्षांचा रेनर १९४८ मध्ये स्विस मुद्रकांच्या त्याच नियतकालिकात या वादात उतरला, तो कोणाचाच वकील न होता. मांडणी सममित की असममित यावर आधुनिकता ठरत नाही, प्रत्येक मजकुराची गरज वेगळी आणि तिला उत्तर देणे हेच काम, अशी त्याची भूमिका होती. वाद त्याने मिटला नाही. पुढील दोन दशके स्वित्झर्लंडमध्ये बिलच्या बाजूची टिपोग्राफी भरभराटीस आली, आणि चिखोल्ड इंग्लंडमध्ये पेंग्विनच्या पुस्तकांना शिस्त लावून परतल्यावर आपल्या वाटेने जात राहिला.

‘डास मोडेर्ने बूख’ आणि रंगांच्या संवादित्वावरचा एक ग्रंथ ही रेनरची युद्धोत्तर वर्षांतील पुस्तके. १९५० च्या दशकाच्या आरंभी तो बाउअर फाउंड्रीसाठी ‘श्टाइले फुटुरा’ या नव्या टाइपवर काम करीत होता. हा टाइप उभट आणि अरुंद आहे; त्याच्या तिरप्या जोडीदारात लहान अक्षरांना लेखणीची वळणे पुन्हा मिळाली आहेत. तो पूर्ण होऊन विक्रीस आल्यानंतर थोड्याच काळाने, २५ एप्रिल १९५६ रोजी, ह्योडिंगेन येथे रेनरचे निधन झाले.